अध्यक्षीय भाषण : शवविच्छेदनात तीन महिन्यांची साखर

मृत्यूनंतर रक्तातल्या साखरेचा आकडा भरवशाचा राहत नाही. हृदय थांबले तरी रक्तपेशी ग्लुकोज वापरत राहतात, म्हणून मांडीच्या शिरेतल्या रक्तात साखर काही तासांतच घसरते. उलट यकृतातल्या ग्लायकोजेनचे विघटन होऊन हृदयाच्या उजव्या कप्प्यांतल्या रक्तात ती चढते. एचबीए१सी मात्र टिकते. हिमोग्लोबिनला चिकटलेली ही साखर तांबड्या पेशीच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात हळूहळू साठत जाते आणि मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलेले रक्त थंड ठेवले, तर काही दिवसांनीही तपासणी होऊ शकते. कुजलेल्या प्रेताच्या बाबतीत तिचा उपयोग नाही.

परंड्यासारख्या तालुक्यात या तपासणीला मोठे महत्त्व आहे. शेतात किंवा घरी कुणी अचानक दगावले की अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो आणि प्रेत शवविच्छेदनाला येते. मृत्यूपूर्वी उलट्या, पोटदुखी, धाप आणि गुंगी असेल तर पहिला संशय विषाचा. व्हिसेरा, म्हणजे जठर-यकृतासारखे अवयव, राखला जातो आणि मृत्यूच्या कारणाचे मत राखून ठेवले जाते. हीच लक्षणे मधुमेही कीटोॲसिडोसिसचीही आहेत, आणि संपृक्त मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या जठर-यकृतातून साखरेचा निष्कर्ष निघत नाही. नमुना वेगळा घेतला नाही तर खरे कारण हातचे जाते.

एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आली, तर मधुमेह असण्याची शक्यता दाट. पण मृत्यू त्यानेच झाला, हे तेवढ्याने सिद्ध होत नाही. शेवटच्या काही तासांचा पुरावा डोळ्यातल्या काचद्रवात मिळतो. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सुई घालून दोन-तीन मिलिलिटर द्रव सावकाश ओढायचा, फ्लोराइडच्या नळीत भरायचा आणि तेवढेच सलाइन डोळ्यात परत सोडायचे, म्हणजे बुबुळ खोल जात नाही आणि नातेवाइकांना चेहरा पूर्वीसारखा दिसतो. हे शेवटचे काम कुणी टाळू नये. या द्रवातली साखरही मृत्यूनंतर उतरते. म्हणून ती डेसिलिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर सापडली, तर जिवंतपणी फारच वाढलेली होती असे धरता येते. कमी सापडली तर साखर उतरून मृत्यू झाला, असे मात्र लिहिता येत नाही. सोबत बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट वाढलेले असेल तर कीटोॲसिडोसिसचे निदान पक्के होते. इन्सुलिन टोचल्याचा संशय असल्यास इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड वेगळे तपासावे लागतात.

एचबीए१सीचा आकडा वाचताना रक्ताची स्थितीही पाहावी लागते. लोहाच्या कमतरतेच्या पांडुरोगात एचबीए१सी खोटी वाढू शकते. नुकताच रक्तस्राव झाला असेल तर ती खोटी उतरते. नंदुरबार-गडचिरोलीच्या सिकलसेल पट्ट्यात काही यंत्रांचा आकडा फसवतो. रक्त दिले गेले असल्यास तशी नोंद अहवालात हवी.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्यांतल्या अनेकांना आपला आजार ठाऊक नाही, आणि काहींचे निदान पहिल्यांदा शवविच्छेदनाच्या टेबलावर होते. असा अहवाल पोलिसांच्या फायलीत पडून राहता कामा नये. तो घरच्यांना समजावून सांगावा, कारण मृताच्या भावंडांची आणि मुलांची साखर तपासायची असते. तालुका पातळीवरच्या प्रत्येक संशयास्पद आकस्मिक मृत्यूत व्हिसेऱ्याबरोबर जांभळ्या टोपणाची एक नळी रक्त आणि फ्लोराइडच्या नळीत काचद्रव घेतला जावा, एवढा नियम वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्वतःहून लावून घ्यावा.