चांचेगिरीच्या बोलपटांचें आकर्षण



चांचा म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर. तो आपल्या गलबतावर चढला, तर आपण त्याची गय करणार नाहीं. परंतु तोच पडद्यावर दोरखंडाला लोंबकळत, तरवार उपसून शत्रूच्या जहाजावर उतरला, कीं भलेभले गृहस्थ टाळ्या पिटतात. असें कां व्हावें?

तरवारींचा खणखणाट हें त्याचें एक कारण खरें; पण मुख्य कारण निराळें असावें. मायकेल कर्टिझ यांनीं १९३५ सालीं दिग्दर्शित केलेला ‘कॅप्टन ब्लड’ हा बोलपट घ्या. राफाएल सबातिनी यांच्या १९२२ मधील कादंबरीवरून तो तयार झाला. एरल फ्लिन यांनीं रंगविलेला पीटर ब्लड हा मूळचा डॉक्टर. १६८५ सालच्या मॉन्मथच्या बंडांतील एका जखमी बंडखोरावर त्यानें उपचार केले, एवढाच त्याचा अपराध. त्याबद्दल त्याला देहान्ताची शिक्षा होते; पण माणसें विकण्यांत राजाला अधिक फायदा दिसतो, आणि जमेका बेटांत हा डॉक्टर दहा पौंडांस गुलाम म्हणून विकला जातो. कायद्यानेंच त्याला घराबाहेर काढलें, हें पाहतांच प्रेक्षक त्याच्या बाजूचा होतो.

पुढें जहाज हातीं आल्यावर ब्लड आपल्या साथीदारांसाठीं करारनामा लिहितो. लूट सर्वांनीं वांटून घ्यावी, हातपाय गमावणाऱ्यास भरपाई मिळावी, स्त्रीची अब्रू घेणाऱ्यास कडक शासन व्हावें, असे त्याचे नियम. राजदरबारीं न मिळालेला न्याय चांच्यांच्या जहाजावर मिळतो! आपण टाळ्या देतों त्या या न्यायाला.

असे करार खरोखरीच होत असत. अलेक्झांडर एक्सक्वेमेलिन हा स्वतः कॅरिबियन समुद्रांतील चांच्यांत वावरलेला मनुष्य. त्याचें पुस्तक १६७८ सालीं आम्स्टरडॅम येथें प्रसिद्ध झालें. त्यांत भरपाईचे दर दिले आहेत: उजवा हात गेल्यास ६०० स्पॅनिश चांदीचीं नाणीं, किंवा सहा गुलाम, डोळा गेल्यास १०० नाणीं, किंवा एक गुलाम.

या ‘किंवा’पाशीं क्षणभर थांबावें. एका जखमी चांच्याला न्याय मिळावा म्हणून सहा निरपराध माणसें नाण्यांप्रमाणें मोजून दिलीं जात. नायक स्वतः विकला गेलेला असूनही बोलपटानें कराराचा हा भाग वगळला आहे.

म्हणून हे बोलपट पाहूं नयेत, असें मी म्हणणार नाहीं. मुलांना ते अवश्य दाखवावेत. अन्यायाची चीड आणि न्यायाची ओढ हीं दोन्ही त्यांत आहेत, व तीं मोलाचीं आहेत. मात्र घरीं परततांना त्यांना एवढें विचारावें : त्या जहाजावरच्या न्यायांत कोणाला जागा नव्हती?