वळिवड्याच्या पोलिश आयाबहिणी

गोठणगावजवळची तिबेटी वसाहत आपल्या तालुक्यातल्या बायांना ठाऊकच आहे. देश सुटलेली माणसं कशी राहतात, हे आपण जवळून पाहतो. अशीच एक वसाहत पूर्वी कोल्हापूरजवळ वळिवड्याला होती. तिथे युरोपातल्या पोलंड देशाचे लोक राहत. आज आम्ही त्यांची गोष्ट सांगतो.

१९३९ साली जर्मनी आणि रशियाने पोलंड आपसात वाटून घेतला. पूर्व भागातल्या कितीतरी कुटुंबांना रशियाने मालगाडीत भरून सैबेरियाकडे मजुरीला नेलं. थंडीनं, उपासमारीनं खूप जीव गेले. १९४१ साली जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा या लोकांची सुटका झाली. सुटलेल्या पुरुषांची फौज उभी राहिली आणि ती इंग्लंडच्या बाजूनं, दोस्त राष्ट्रांसोबत लढायला गेली. मागे राहिलेल्या बाया आणि लेकरं इराणमार्गे भारतात आली. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला असे सुमारे ५००० जण राहिले.

पोलंडनं या लढाईत काय दिलं? जर्मनांचे गुप्त संदेश वाचण्याची युक्ती पोलिश गणितज्ञांनी युद्धाआधीच शोधली होती, ती त्यांनी १९३९ साली इंग्लंड आणि फ्रान्सला दिली. १९४० साली पोलिश वैमानिक इंग्लंडच्या आकाशात लढले. मे १९४४ मध्ये इटलीतला मोंते कासिनोचा डोंगर पोलिश फौजेनं जिंकला. त्याआधी आपले भारतीय जवानही त्याच डोंगरावर लढले होते.

नवरे, मुलगे, भाऊ असे दूर लढत असताना वळिवड्याच्या बायांनी संसार सांभाळला. तिथे शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं. परक्या मुलखात त्यांनी लेकरांना आपली भाषा शिकवली, सणवार केले. घरची काळजी मिटली की रणातला माणूस लढू शकतो. मग हा वाटा लढाईतला नाही, असं कसं म्हणायचं?

युद्ध जिंकलं, पण त्यांची गावं रशियाकडेच गेली. १९४६ साली लंडनला विजयाचं मोठं संचलन झालं, त्यात ही फौज नव्हती. वळिवड्याच्या पुष्कळ बाया परत घरी न जाता इंग्लंडसारख्या परदेशांत पांगल्या. त्यांच्या जागी फाळणीतले सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे.

मैत्रिणींनो, जिंकणाऱ्यांच्या यादीतून कष्ट करणाऱ्यांचं नाव असं गळून जातं. आपल्याकडेही धान विकल्याची पावती घरधन्याच्या नावानं निघते, रोवणी-निंदणाचे दिवस कुठेच लिहिले जात नाहीत. तेव्हा येत्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान वेगळं ठेवा. या हंगामात कोणी किती दिवस स्वतःच्या शेतात राबलं, ते नावानिशी लिहा. लिहिता न येणाऱ्या बाईचं नाव शेजारणीनं लिहावं.