वर्दी उतरल्यावर

(जुहू येथील झोपडपट्टीत भरलेल्या युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



एक जानेवारीला तुमच्यातले बरेच जण टेम्पो करून भीमा-कोरेगावला जाऊन आले. स्तंभावरची 'नाक' लागलेली नावं वाचलीत. छाती फुगली. फुगलीच पाहिजे. पण आज मी लढाईबद्दल बोलणार नाही. मेलेल्यांची नावं दगडावर तरी लागली. जे जगून घरी परतले त्यांचं काय झालं, हा आपला सवाल आहे.

पलटणीत सुभेदार, गावच्या वेशीत पाय टाकला की महार. रामजी सुभेदारांचंच घ्या. फौजेच्या शाळेत हेडमास्तर होते, सुभेदार-मेजर म्हणून निवृत्त झाले. १९०१ साली त्यांची पोरं मसूर स्टेशनात उतरली. अंगावर स्वच्छ कपडे. स्टेशन मास्तर आधी आस्थेनं बोलला. जात कळल्याबरोबर मागं सरला. गाडीवाल्यानं दुप्पट भाडं घेतलं, आणि गाडी पोरांनीच हाकली. रस्त्यात कुणी पाणी दिलं नाही. त्यातलं एक पोर म्हणजे भीमराव. बापाच्या वर्दीनं पोराला घोटभर पाणीसुद्धा मिळवून दिलं नाही!

पण दोस्तहो, दुसरी बाजूही नीट बघा. त्या सुभेदाराकडे दोन गोष्टी अशा होत्या ज्या गावकीला हिसकावता आल्या नाहीत. एक पेन्शन, दुसरं शिक्षण. पेन्शन थोडकीच, पण ती पाटलाच्या ओसरीवरून येत नव्हती. ज्याची भाकर गावाच्या हातात नसते, त्यालाच गावाला 'नाही' म्हणता येतं. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये फौजेतून सुटले आणि दापोलीत बसून अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. बलुत्यावर जगणाऱ्याला ही चैन परवडली असती काय? आपल्या चळवळीचं पहिलं भांडवल म्हणजे शिपायाची पेन्शन.

म्हणूनच १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा नुसती नोकरी गेली नाही. पेन्शन गेली, पोरांची शाळा गेली. पहिल्या महायुद्धात गरज पडली, १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी केली. गरज सरली, १९२१ मध्ये मोडून टाकली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे.

आता आपल्या जुहूत या. बंगल्यांच्या, सोसायट्यांच्या गेटावर बारा-बारा तास उभा असलेला वॉचमन बघा. त्यात फौजेतून सुटलेलेही सापडतील. पस्तिशी-चाळिशीत सुटलेला माणूस. पोरं शाळेत, म्हातारी गावाला. ज्यानं सरहद्द राखली तो आता शेठच्या कुत्र्याला फिरवतो. १९८१ चा महाराष्ट्राचा सुरक्षा रक्षक कायदा आहे. मंडळात नोंदलेल्या रक्षकाला फंड, रजा, बोनस मिळतो. एजन्सीच्या हाताखालच्याला यातलं काय मिळतं, ते त्यालाच विचारा.

सरकारी नोकरीत माजी सैनिकाला आरक्षण आहे, पण ते समांतर. म्हणजे आपला शिपाई लागला की तो अनुसूचित जातीच्याच खात्यात मोजला जातो. जागा वाढत नाहीत.

आणि २०२२ मध्ये अग्निपथ आली. चार वर्षं नोकरी, मग शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस आत, बाकीचे बाहेर. हातात साधारण ११.७१ लाख, त्यातला जवळजवळ अर्धा वाटा पोराच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही. लष्करातली पहिली तुकडी २०२३ च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेली. हिशोब करा, ती पोरं कधी घरी येणार. एकरकमी पैसा बहिणीच्या लग्नात, खोलीच्या पागडीत विरघळतो. पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते आणि माणसाला ताठ उभं करते. वलंगकर पेन्शनीवर उभे राहिले. हा पंचविशीतला पोर कशावर उभा राहणार?

घोषणा देऊन थांबू नका. कामं सांगतो, लिहून घ्या. वस्तीत माजी सैनिक किती, विधवा किती, घरोघर जाऊन यादी करा. नवऱ्याच्या रेकॉर्डात बायकोचं नाव एक आणि आधारवर दुसरं असलं की फॅमिली पेन्शन अडकते. ते कागद आताच, माणूस जिवंत असताना दुरुस्त करून घ्या. पेन्शन आता 'स्पर्श'वर गेली आहे, हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तुमच्या हातात मोबाईल आहे, म्हातारीच्या हातात नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ओळखपत्रासाठी, पोरांच्या शिष्यवृत्तीसाठी तिच्याबरोबर जा. साहेबासमोर तिला एकटीला उभं करू नका. वॉचमनला मंडळाच्या नोंदणीचं विचारा. आणि अग्निवीराला पेन्शन मिळालीच पाहिजे, ही मागणी आपल्या प्रत्येक मोर्चात असली पाहिजे.

स्तंभाला सलाम करायला वर्षातून एक दिवस पुरतो. जगून परतलेल्या शिपायाच्या दाराशी मात्र बारा महिने जावं लागेल. उद्यापासून चला.

जय भीम!