घरीं घडविलेली मोटार

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना नवल वाटलें असेल. मुलांना मराठी व अंकगणित शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला आणि ज्याचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेलें नाहीं, असा एक निवृत्त शाळामास्तर अमेरिकेंतील ‘हॉट रॉड’ मोटारींविषयीं काय सांगणार, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु निवृत्तीनंतर मुलाकडे कॅलिफोर्नियांत एक हिवाळा राहण्याचा योग आला, आणि तेथें शेजारच्या गॅरेजमध्यें मीं जें पाहिलें, त्यानें माझ्या मास्तरकीचा एक जुना हिशेब पुन्हां उघडला. तो हिशेब शेवटीं सांगतों. आधीं या मोटारींची हकीकत ऐकावी.

‘हॉट रॉड’ म्हणजे कारखान्यांत तयार झालेली जुनी, स्वस्त मोटार घेऊन, तिच्यावरील अनावश्यक तें सर्व काढून टाकून, इंजिनाचा जोर वाढवून, मालकानें आपल्या हातांनीं नव्यानें घडविलेली वेगवान गाडी. हा छंद श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत जन्मला नाहीं. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यांतून १९०८ ते १९२७ या काळांत ‘मॉडेल टी’ जातीच्या दीड कोटी मोटारी बाहेर पडल्या. तिच्यामागून ‘मॉडेल ए’ आली. १९२९ सालीं मंदीचा फेरा सुरू झाला, तेव्हां तरुणांच्या हातीं पैसा नव्हता. पण याच मोटारी भंगाराच्या आवारांत थोडक्या किंमतींत मिळत. नवी मोटार घेणें अशक्य, जुनी दुरुस्त करणें शक्य, अशी ती स्थिति होती. त्यांतून दक्षिण कॅलिफोर्नियाची हवा कोरडी. पत्रा लवकर गंजत नाहीं आणि वर्षाचे बहुतेक दिवस उघड्यावर काम करतां येतें.

पळविण्यास जागाहि निसर्गानेंच दिली. लॉस एंजेलिसच्या उत्तरेचे डोंगर ओलांडले कीं मोहावीचें वाळवंट लागतें. तेथें मुरॉक, हार्पर, एल मिराज अशीं तळीं आहेत. तळीं म्हणावयाचीं तीं केवळ नांवाला. पाणी आटलें कीं मैल न् मैल सपाट व टणक मातीचा तळ उघडा पडतो. मुलें शनिवारीं रात्रीं निघत, वाळवंटांत उघड्यावर झोंपत आणि पहांटे गार हवेंत आपापल्या गाड्यांचा वेग अजमावीत. मडगार्ड काढलेलें, पुढची कांच काढलेली, छप्पर नाहीं. शेर-अच्छेर वजन कमी झालें तरी तो लाभच, असा त्यांचा हिशेब असे.

१९३२ सालीं फोर्ड कंपनीनें सामान्य माणसाला परवडेल अशा मोटारींत आठ सिलिंडरांचें ‘व्ही-८’ इंजिन बसविलें. त्याचें आकारमान २२१ घनइंच व जोर ६५ अश्वशक्ति. त्याच्या झडपा माथ्यावर नसून सिलिंडरांच्या बाजूस, ठोकळ्यांतच होत्या; माथ्यावर नुसतें सपाट झांकण असे. म्हणून त्याला ‘फ्लॅटहेड’ म्हणूं लागले. रचना साधी, पण दोषहि उघड. जळालेला धूर बाहेर जाण्याची वाट ठोकळ्याच्या आंतून, सिलिंडरांना लागून जाई. आणि एका बाजूच्या चार सिलिंडरांना बाहेर पडण्याचीं तोंडें तीनच. मधल्या दोघांनीं एकाच दारानें जावयाचें, दोन बिऱ्हाडांना एक जिना असावा तसें. त्यामुळें इंजिन फार तापे व पाणी उकळे.

पोरांनीं हा दोष शिव्या देऊन सोडून दिला नाहीं. त्यांनीं तो समजून घेतला. झांकणाची खालची बाजू तासली कीं ज्वलनाची जागा कमी होते, मिश्रण अधिक दाबलें जातें व जोर वाढतो. एकाऐवजीं दोन कार्ब्युरेटर बसविले कीं मिश्रण अधिक मिळतें. झडपांची उघडझांप करणारा जो कॅमशाफ्ट, त्याचे उंचवटे निराळ्या आकारांत घासले कीं झडप अधिक वेळ व अधिक उघडी राहते. विक एडलब्रॉक यांनीं १९३८ च्या सुमारास आपल्याच १९३२ च्या फोर्डसाठीं दोन कार्ब्युरेटर बसतील असा नळ तयार केला. पुढें त्यांच्या नांवाचा मोठा कारखाना उभा राहिला. एड इस्केंडेरियन या आर्मेनियन कुटुंबांतील तरुणानें मॉडेल टी च्या सांगाड्यावर गाडी बांधली. १९४२ सालीं एल मिराज येथें तिनें ताशीं १२० मैलांचा वेग गांठला. युद्धाहून परतल्यावर त्यानें कॅमशाफ्ट घासण्याचा धंदा काढला आणि त्यांत मोठें नांव मिळविलें.

वेगाबरोबर रूपाचाहि छंद लागला. मोटार बुटकी व ऐटदार दिसावी म्हणून खिडक्यांच्या खांबांतून दोन-तीन इंच कापून छत खालीं आणावयाचें. ऐकावयास हें सोपें वाटतें. परंतु खांब सरळ उभे नसतात, वर जातांना आंत कललेले असतात. तीन इंचांचा तुकडा काढला कीं वरची टोकें खालच्या टोकांवर बसत नाहींत. मग खांब वांकवावे लागतात किंवा छतच मधून कापून लांब-रुंद करावें लागतें. भूमितीचा हा धडा मीं वर्षानुवर्षें फळ्यावर शिकविला. पत्र्यावर तो चुकला तर पुसतां येत नाहीं. दुसरी रीत अशी कीं, तळाचा पत्रा कापून मोटारीचें सबंध अंग चौकटीच्या पोलादी दांड्यांभोंवतीं खालीं उतरवावयाचें. सांधे डाग देऊन जोडावयाचे व त्यांवर वितळलेलें शिसें पसरून कानशीनें इतकें गुळगुळीत करावयाचें कीं बोटालाहि सांधा लागूं नये.

परंतु श्रोतेहो, या चित्राची दुसरी बाजू काळी आहे. वाळवंट दूर, आणि घरापुढचा रस्ता जवळ. रात्रीं भर वस्तींत शर्यती लागूं लागल्या. अपघात झाले, माणसें दगावलीं. ‘हॉट रॉडवाला’ म्हणजे गुंड, असें वर्तमानपत्रें लिहूं लागलीं. येथें दोन मार्ग होते. एक, हीं यंत्रें मोडून टाकण्याचा. दुसरा, त्या पोरांना जागा, घड्याळ आणि नियम देण्याचा. त्या पोरांनीं स्वतःच दुसरा मार्ग धरला. १९३७ सालीं निरनिराळ्या मंडळांनीं एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था स्थापिली. मुरॉकचें तळें पुढें लष्करानें विमानतळासाठीं घेतलें. आज तेथें एडवर्ड्स हा हवाई दलाचा तळ आहे. तेव्हां मंडळी एल मिराजकडे वळली, आणि १९४९ सालीं त्यांनीं यूटा संस्थानांतील बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर आपला पहिला ‘वेगसप्ताह’ भरविला. १९४८ च्या जानेवारींत रॉबर्ट पीटरसन यांनीं ‘हॉट रॉड’ मासिक सुरू केलें, आणि १९५१ सालीं वॉली पार्क्स यांनीं ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ची स्थापना केली. शर्यत रस्त्यावरून उचलून बंद धांवपट्टीवर न्यावी, आणि तपासणीखेरीज गाडी सोडूं नये, हा तिचा बाणा. १९५४ सालापासून तिचें एक पथक गांवोगांव हिंडून सुरक्षित शर्यत कशी भरवावी, हें तरुणांना व अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष दाखवूं लागलें. ज्या मोटारींमागें एके काळीं पोलिस लागत, त्यांचीं चित्रें २०१४ सालीं अमेरिकन सरकारनें टपालाच्या तिकिटांवर छापलीं.

आतां माझ्या शेजाऱ्याकडे येतों. हे गृहस्थ जन्मभर नळजोडणीचें काम करून निवृत्त झालेले, वयानें माझ्याहून चार-पांच वर्षें मोठे. आपल्या पंधरा वर्षांच्या नातीला हाताशीं घेऊन ते १९३१ ची मॉडेल ए गाडी बांधीत होते. इंजिन कोपऱ्यांत कापडाखालीं झांकून ठेवलेलें होतें. मीं विचारलें, “हें केव्हां बसविणार?” ते म्हणाले, “ब्रेक झाल्यावर.” मग त्यांनीं समजावून सांगितलें. फोर्डच्या मोटारींस १९३८ पर्यंत ब्रेक ओढण्यासाठीं लोखंडी सळया किंवा तारा असत; १९३९ पासून तेलाच्या दाबानें चालणारे ब्रेक आले. म्हणून जुन्या गाडीचा वेग वाढविणारा शहाणा कारागीर हे नंतरचे ब्रेक मिळवून तिच्यावर बसवितो. त्या दिवशीं नात आंत बसून पायटा दाबीत होती, आणि आजोबा बॅटरी घेऊन प्रत्येक सांध्यावर तेलाचा थेंब येतो कीं काय, तें पाहत होते. तीन चाकें उतरलीं. चौथ्याला थेंब आला. ते रागावले नाहींत. त्यांनीं बॅटरी नातीच्या हातीं दिली, तिला खालीं बसविलें, तो थेंब दाखविला, आणि सांधा तिच्याकडूनच पुन्हां आवळून घेतला.

तो थेंब पाहतांना मला माझा एक विद्यार्थी आठवला. घाटाच्या पायथ्याशीं असलेल्या एका तालुक्याच्या गांवीं मी मास्तर होतों, त्याला आतां तीस वर्षें होतील. नववींतला एक मुलगा भूमितीच्या वहींत मोटारसायकलींचीं इंजिनें काढीत बसे. एके दिवशीं मीं ती वही हिसकावून घेतली, चार मुलांदेखत त्याला नाहीं नाहीं तें बोललों, आणि वही कपाटांत टाकली. दोन वर्षांनीं त्यानें वडिलांच्या मोटारसायकलीच्या इंजिनांत कांहीं फेरफार करून तिचा वेग वाढविला. घाट उतरतांना एका वळणावर ती थांबली नाहीं. प्राण वांचला, उजवा पाय मात्र कायमचा अधू झाला. “मीं बजावलें होतें,” असें त्यावेळीं मी लोकांना सांगत असें. खरें पाहतां मीं कांहींच बजावलें नव्हतें. मीं फक्त वही घेतली होती.

निवृत्तीच्या वेळीं कपाट आवरतांना ती वही सांपडली व माझ्या ट्रंकेंत येऊन पडली. अमेरिकेहून परतल्यावर ती घेऊन मी त्याच्याकडे गेलों. त्याचें आतां दुचाकी दुरुस्तीचें दुकान आहे. त्यानें हात पुसले, खुर्ची दिली आणि वही चाळली. सिलिंडर, झडपा, कार्ब्युरेटर, सर्व कसें रेखीव. शेवटचें पान उलटून तो म्हणाला, “गुरुजी, यांत ब्रेक कोठेंच नाहीं हो.”

मला उत्तर देतां आलें नाहीं. ती वही मीं एकदां जरी वाचली असती, तरी मोटारीचें एक अक्षर न कळणाऱ्या मलाहि विचारतां आलें असतें, “बाळ, ही थांबते कशी?”

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें रस्त्यावरील वाहनाच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. मुलांनीं घरोघर हॉट रॉड बांधाव्या, असें सांगण्यास मी आलेलों नाहीं. पण कायदा रस्ता बंद करूं शकतो. मुलाच्या मनांतलें यंत्र त्याला बंद करतां येत नाहीं. तें चालूच राहतें, आणि त्याच्याजवळ बॅटरी घेऊन बसणारें कोणी मोठें माणूस नसलें, तर तें एकटेंच घाट उतरूं लागतें. माझ्या शिक्षकबंधूंना व पालकांना विनंति एवढीच कीं, मुलाची वही जप्त करण्यापूर्वीं ती एकदां वाचावी.

माझी वही मीं त्या दुकानांतच ठेवून आलों. ती मुळांत त्याचीच होती.