हळदीच्या कागदावरची आई



घराच्या भिंतीवर कुणाकुणाचे फोटो आहेत, ते आपापल्या घरी एकदा मोजून बघा. आमच्याकडे आजोबा, काका, वडील ओळीनं आहेत, हार घातलेले. आईचा वेगळा फोटोच नाही. एका लग्नाच्या ग्रुपफोटोत, मागच्या रांगेत ती सापडली. वडील गेले तेव्हा ती ३१ वर्षांची होती. त्यानंतर तिला कुणी हळदीकुंकू लावलं नाही. वर्षाची हळद कुटून डबे भरायचे मात्र तिनंच.

ती गेल्यावर मी तिचा चेहरा हळदीनंच कागदावर उतरवला. रीत सोपी आहे. हळद स्पिरिटमध्ये भिजवून गाळायची, अंधाऱ्या खोलीत जाड कागदावर लावून वाळवायची. त्यावर फोटोची पारदर्शक झेरॉक्स ठेवायची, वरून काच, आणि उन्हात ठेवायचं. ऊन लागतं तिथली हळद उडते, झाकलेली राहते. मग कागद टाकणखाराच्या पाण्यात बुडवला की पिवळा रंग लालसर होतो. हळदीत खार मिसळून कुंकू करतात, ते याच गुणामुळे.

एका मैत्रिणीनं विचारलं, “सौभाग्याची चिन्हं आपण नाकारतो, मग आई कुंकवात कशाला?” प्रश्न रास्त आहे. पण लावायचं की नाही, हे आईनं ठरवायचं होतं. ते इतरांनी ठरवलं. तिच्या मरणावर आम्ही रडलो, या अपमानावर घरात कुणीच रडलं नव्हतं.

वनस्पतींच्या रसांवर उन्हाचा काय परिणाम होतो, याचे प्रयोग मेरी सॉमरव्हिल यांनी केले. १८४५ साली त्यांनी ते जॉन हर्शेल यांना पत्रानं कळवले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्या पत्रातला भाग छापला. त्या सोसायटीत स्त्रियांना सभासद करून घेतलं ते मात्र १९४५ साली!

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. असे ठराव गावोगाव व्हायला हवेत. पण त्याआधी ज्या बायका गेल्या, त्यांची नोंद आपणच ठेवायची आहे.

हे चित्र पक्कं करता येत नाही, उजेडात ते फिकं होत जातं. म्हणून मी ते वहीत मिटून ठेवते. दाखवायला काढते तेव्हा आईची हकीकतही सांगते. तुमच्या गटात हे करून बघा. भिंतीवर नसलेल्या एका बाईचा फोटो प्रत्येकीनं आणावा. कडक उन्हातही कागदाला काही तास लागतात. तेवढा वेळ एकमेकींचं ऐकायला मिळतो.