दूरदेशीच्या आप्तांचे पत्र



इ.स. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर मॉरिशसला गेले. मुंबई बंदरातून निघालेल्यांत आपल्या शेजारच्या रत्नागिरी-सावंतवाडीकडील मराठी माणसेही होती. तेथे उतरणाऱ्याचे नाव, वडिलांचे नाव, वय, गाव व जहाज यांची नोंद होई. त्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत.

या नोंदींच्या आधारे तेथील वंशज आज ऑनलाइन शोध घेत कोकणापर्यंत येतात. पुढे मात्र वाट खुंटते. कारकुनाने गावाचे नाव कानी पडले तसे रोमन लिपीत लिहिलेले असते, आणि अनेक घराण्यांत मूळ पुरुषाचे नावच आडनाव होऊन बसले आहे. हा गुंता गावालाच सोडवता येईल.

पेडण्यातील कित्येक घरांची सोयरीक सावंतवाडीकडे आहे. तेव्हा असे पत्र आल्यास तलाठ्यांनी वाड्यांची जुनी नावे पडताळावीत, शिक्षकांनी वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. हयात व्यक्तींची माहिती मात्र त्यांच्या संमतीनेच द्यावी. जमिनीत वाटा मागतील, या शंकेने पुष्कळ पत्रे अनुत्तरित राहतात. कुलदेवतेचे नाव विचारणाऱ्याला ते सांगितल्याने एक-चौदाचा उतारा बदलत नाही. तुटलेले नाते तेवढे जुळते.