तीर्थाचं पाणी कोण राखतं?



मी चौथी शिकलेला शेतकरी. टाळकऱ्यांनी सांभाळून घेतलं म्हणून कीर्तनाला उभा राहिलो. दिंडीला शंभर वर्षं झाली, चार शब्द बोला म्हणाले. आज पाण्याचं बोलतो.

माझी आजी आळंदीला गेली की इंद्रायणीचं पाणी ओंजळीनं प्यायची, तांब्यात भरून घरी आणायची. मीही कीर्तनातून तेच सांगत आलो. काही वर्षांमागं मी बाटलीत तीर्थ आणलं. सूनबाईनं बाटली देव्हाऱ्यात ठेवली, हात जोडले, पण नातवाला पाजलं नाही. मला राग आला. रात्री झोप लागंना. नदीवरचा पांढरा फेस मी स्वतः पाहिलेला. मग पोरगी चुकली कुठं?

इंद्रायणी लोणावळ्याकडच्या डोंगरात निघते, देहू-आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. तीच भीमा पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून चंद्रभागा. म्हणजे वरच्या गावानं सोडलेलं खालच्याच्या ओंजळीत येतं.

म्हणून आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेचं सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र बघायला गेलो. लहानच आहे. आधी लोखंडी जाळी, तिथं चिंध्या-प्लास्टिक अडकतं. मग वाळू खाली बसते. पुढच्या हौदात खालून हवा सोडतात. त्यात डोळ्याला न दिसणारे जिवाणू असतात. हवा मिळाली की ते घाण खातात. नंतर गाळ तळाला बसतो, वरच्या निवळ पाण्यात क्लोरीन टाकून ते ओढ्याला सोडतात. ते पिण्याजोगं नसतं. पण घाण तशीच नदीत गेली असती, तर हेच जिवाणूंचं काम नदीत झालं असतं, पाण्यातला प्राणवायू संपला असता आणि मासे मेले असते.

तिथल्या कामगाराला विचारलं, "दादा, अडचण कशाची?"

तो म्हणाला, "महाराज, लाईट गेली, हवा बंद पडली की जिवाणू गुदमरतात. मेले तर पुन्हा वाढवायला दिवस जातात. आणि जाळीत काय येतं ते बघाच."

बघितलं. निर्माल्य, गुटख्याच्या पुड्या, जुनी कापडं, आणि एक तुळशीची माळ. ती माळ बघून मी गप्प झालो.

आणखी एक कळलं. जे मैलापाणी गटारीतून तिथवर पोचतच नाही, ते केंद्र कसं धुणार? ते थेट ओढ्यात, ओढ्यातून नदीत.

गाडगेबाबांनी हातात खराटा धरला, तो आपल्यासाठीच. म्हणून दिंडीच्या शंभराव्या वर्षी एवढंच मागतो. शहरगावात राहणाऱ्यांनी घराचं मैलापाणी गटारीच्या नळाला जोडून घ्यावं. केंद्र चालू आहे का, लाईट गेल्यावर जनरेटर आहे का, हे नगरपालिकेत जाऊन विचारावं. वारीत फिरतं शौचालय वापरावं. नदीत कापड, निर्माल्य, माळ टाकू नये.

आजीसारखं पाणी पिणं माझ्या हयातीत जमंल असं वाटत नाही. पण नातवाला नदीत पाय घालताना भ्या वाटू नये. तेवढी सेवा पांडुरंगानं आपल्याकडनं करून घ्यावी.

बोला, पुंडलिकवरदे हरी विठ्ठल!